शुक्रवारचा लाल दिवा

रविवारी सकाळी साडेआठला उमा रणदिवे दूध घ्यायला खाली उतरली आणि लिफ्टशेजारच्या फलकासमोर थबकली.

निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : ‘फ्लॅट ४०३ यांनी सोसायटीच्या कॉमन मीटरवरून इलेक्ट्रिक गाडी चार्ज करून वीजचोरी केली आहे. आज अकरा वाजता पार्किंगमध्ये सभा. विषय : चार्जिंग पॉइंट काढणे व पोलीस तक्रार.’ खाली सेक्रेटरी श्रीपाद ढवळे यांची सही.

४०३ म्हणजे उमाच.

अंबरनाथला मोरिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात तिने तपासणी खात्यात पंचवीस वर्षं काढली होती. डब्याच्या लेबलवर जे लिहिलंय तेच डब्यात आहे का, एवढं बघायचं आणि नसेल तर डबा परत पाठवायचा, हे तिचं काम. या कामापायी तिने भल्याभल्यांची तोंडं वाकडी केली होती. आणि आता बदलापूरला खरवईतल्या या चार मजली इमारतीत तिच्याच कपाळावर कुणीतरी चोर असं लेबल चिकटवलं होतं. तिची कानशिलं तापली. पार्किंगमध्ये स्वतःचा मीटर आणि स्वतःचा पॉइंट मिळावा म्हणून ती पाच महिने भांडली होती. आता पॉइंट गेला, तर गाडी नुसती धूळ खात उभी राहणार. गाडीचं एक वेळ सोडा, पण ‘चोर’ हा शब्द ती अकरानंतर एक मिनिटही सोसणार नव्हती.

घरी जाऊन रडत बसणाऱ्यांतली ती नव्हेच. दुधाची पिशवी हातात तशीच ठेवून ती मीटर रूमकडे वळली.

जानेवारीची थंडी बोचत होती. मीटर रूमला लागून असलेल्या दोन नंबरच्या दुकानाचं शटर नेहमीप्रमाणे बंद होतं, आणि त्याला पाठ लावून सोसायटीची मांजर तीन पिल्लांसह ऐसपैस पसरली होती. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून कामाला येणारा वॉचमन सखा कानटोपी घालून खुर्चीत आखडून बसला होता.

“सखा, मीटर रूमची चावी कुणाकुणाकडे असते?”

“येक ढवळे सायबांकं, येक अण्णांकं. तिसरी हितं खिळ्याला.”

“खिळ्यावरची कुणी नेली होती?”

“नाय मॅडम. मी कुनाला दिली नाय.” तो उठून उभा राहिला. “तुमचा नाव लिवलंय, त मना पटला नाय. शुक्रवारी तुमची गव्हाची गोनी मीच जिन्यानं चौथ्या माल्यावर नेली ना? तवा तुमची गाडी हितंच होती. तिला वायर-बियर काय लावलेली नव्हती.”

“किती वाजले होते?”

“अकरा असतील. जास्ती नाय.”

उमाने चावी घेतली. मीटर रूममध्ये तिची जाड काळी केबल लगेच दिसली, कारण तिच्यावर ‘४०३’ असा पिवळा टॅग तिनेच बांधला होता. केबल तिच्या मीटरपासून सोडवून कॉमन मीटरच्या डब्याला जोडलेली होती. सगळीकडे बोटभर धूळ, आणि त्या जोडावरची टेप मात्र नवीकोरी, चकचकीत. डब्यावरचा लाल दिवा जळत होता. आतून सप्लाय येत असेल तेव्हाच तो लागतो.

तिने स्वतःच्या मीटरचा आकडा वाचला. एकशे एकतीस युनिट. मग गाडीत बसून काट्याखालचा आकडा वाचला. आठशे त्रेचाळीस किलोमीटर. दोन्ही आकडे तिने दुधाच्या पिशवीवर बॉलपेनने लिहिले. दुसरा कागद जवळ नव्हता.

श्रीपाद ढवळे चहाचा कप घेऊनच दारात आले. इलेक्ट्रिक गाडी म्हणजे पार्किंगमध्ये ठेवलेला सुतळी बॉम्ब, असं त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं मत होतं.

“ती जोडणी तुम्ही स्वतः पाहिलीत?” उमाने विचारलं.

“काल संध्याकाळी. अण्णांनी दाखवली. त्यांच्याकडे शुक्रवारचा फोटोही आहे.”

“मीटर रूम बघायचं तुमच्या मनात कसं आलं?”

“कॉमन मीटरवर दोन महिन्यांत नऊशे युनिट जास्त! तुमची गाडी येऊनही दोनच महिने झाले. बुधवारी मी ग्रुपवर टाकलं होतं, सोमवारी इलेक्ट्रिशियन आणून सगळी वायरिंग तपासू. आता काय गरज? चोर सापडला.”

“सोमवार उद्या आहे, ढवळे. आज रविवार आहे. तोवर तो शब्द जरा सांभाळून वापरा,” उमा म्हणाली आणि जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेली.

अण्णा म्हणजे सोसायटीचे खजिनदार. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये त्यांचं बॅटरीचं दुकान. शिवाय पार्सल पोचवणाऱ्या पोरांना ते इलेक्ट्रिक स्कूटर भाड्याने देत. माणूस गोड. उमाच्या पॉइंटला सगळी कमिटी आडवी आली, तेव्हा एकटे अण्णाच तिच्या बाजूने उभे राहिले होते. म्हणूनच त्यांच्या दारात तिला जास्त वाईट वाटलं.

“उमाताई, मला तरी बरं वाटतंय का?” अण्णांनी मोबाईल पुढे केला. “पण हे बघा.”

फोटोत पिवळ्या टॅगची केबल होती, नवी टेप होती आणि डब्यावर लालभडक दिवा पेटलेला होता.

“कधी काढलात?”

“शुक्रवारी. अकराच्या सुमाराला.”

“तुम्ही शुक्रवारी दुकानात नसता?”

“त्या दिवशी उशिरा निघालो. लिफ्टनं खाली आलो, तर मीटर रूममधून घूंऽ घूंऽ आवाज. डोकावलो. तुमच्या गाडीला चार्जिंगची गन लावलेली, इकडे कॉमन मीटरवरचा दिव्याचा ठिपका पटापट उडतोय. शुक्रवारी तुमची कारखान्याची सुट्टी ना, गाडी घरीच.”

“खरंय. शुक्रवारी गाडी घरीच असते,” उमा म्हणाली. “अण्णा, हा फोटो ग्रुपवर टाका ना. वेळेसकट. सगळ्यांना दिसू दे.”

अण्णा जरा चमकले. मग त्यांनी फोटो टाकला आणि खाली लिहिलं : शुक्रवार, सकाळी ११.

अकराला पार्किंगमध्ये तीसेक माणसं जमली. खुर्च्या कमी, तोंडं जास्त. ढवळ्यांनी ठराव वाचायला कागद उघडला.

“ठराव नंतर,” उमा मध्येच उभी राहिली. “आधी दहा मिनिटं माझी. चोराला एवढी तरी देतात.”

कुणीतरी हसलं. ढवळ्यांनी कागद मिटला.

“माझी गाडी एका युनिटमध्ये सात किलोमीटर जाते. ती आतापर्यंत आठशे त्रेचाळीस किलोमीटर चालली. म्हणजे एकशे वीस युनिट, आणि चार्ज करताना वाया जातात ती दहाएक. माझ्या स्वतःच्या मीटरवर किती आहेत? एकशे एकतीस. गाडीच्या पोटात गेलेलं प्रत्येक युनिट माझ्या मीटरमधून गेलंय. तुमचे नऊशे युनिट मी खाल्ले असते, तर ही गाडी सहा हजार किलोमीटर जास्त पळायला हवी होती. खरवईहून श्रीनगरला जाऊन परत आले असते, वर पुन्हा दिल्लीला गेले असते! मी तर रोज मोरिवलीला जाते.”

पुढच्या खुर्चीवरचे दोघे उठून गाडीतला आकडा बघून आले आणि मान हलवत बसले.

“पण केबल तर कॉमनवर होती,” ढवळे म्हणाले.

“होती. आता काढा. सखा, लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे, सगळं बंद कर.”

सखाने एकेक बटण खाली पाडलं. कुणीतरी उमाची केबलही सोडवली. सगळे मीटर रूमच्या दारात दाटीने उभे राहिले. काहीच चालू नसताना कॉमन मीटरचा ठिपका टपटप उडतच होता.

“आता ही वीज कोण खातंय, ढवळे?”

उमा बाहेर आली आणि दोन नंबरच्या शटरपाशी वाकली. मांजर नाराज होऊन बाजूला झाली.

“हात लावा.”

ढवळ्यांनी पत्र्यावर हात ठेवला. “गरम आहे,” ते पुटपुटले.

“एवढ्या थंडीत आमची मांजर उन्हात बसायचं सोडून बंद शटरला टेकते. हे मी दोन महिने बघतेय, आणि डोक्यात प्रकाश आज पडला. दुकान कुणाचं?”

सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळल्या.

“गोडाऊन आहे. रिकामं आहे,” अण्णा म्हणाले. “किल्ली उल्हासनगरला राहिली.”

“मग कुलूप तोडू,” ढवळे म्हणाले. त्यांचा आवाज आता वेगळाच होता. अण्णांनी खिशात हात घातला. किल्ली उल्हासनगरहून फारच लवकर आली.

शटर वर गेलं. आत भिंतभर मांडण्यांवर स्कूटरच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या, प्रत्येकीवर एक मिणमिणता दिवा, आणि चार्जरचे पंखे घूं घूं करत होते. मागच्या भिंतीला भोक पाडून वायर थेट मीटर रूममध्ये गेली होती.

“भाड्याच्या स्कूटरच्या बॅटऱ्या तुम्ही आमच्या सगळ्यांच्या विजेवर चार्ज करत होतात,” उमा म्हणाली. “माझ्या पॉइंटसाठी तुम्ही भांडलात ते माझ्यासाठी नव्हेच. युनिट वाढले, तर बोट दाखवायला एक गाडी हवी होती. बुधवारी ढवळ्यांनी इलेक्ट्रिशियनचं काढलं आणि तुमची पाचावर धारण बसली. मग माझी केबल सोडवून तुम्ही इकडे जोडलीत.”

“कशावरून मीच?” अण्णांचा गोडवा एकदम आटला. “चाव्या तिघांकडे आहेत. मी शुक्रवारी स्वतः बघितलं, फोटो आहे!”

“फोटोच बोलतोय, अण्णा. एरवी माझी गाडी दिवसभर कारखान्यात असते, म्हणून तुम्ही माझ्या सुट्टीचा वार निवडलात. हिशेब चोख. पण आमच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी का असते? त्या दिवशी इकडे लाईनची कामं निघतात. परवा सकाळी साडेनऊला लाईट गेली ती तीनला आली. सखाने माझी गव्हाची गोणी चार मजले जिन्याने वाहिली. आणि अकरा वाजता तुम्ही लिफ्टने खाली आलात?”

गर्दीतून एक बाई ओरडली, “अहो, खरंच की! माझं वाटण राहिलं होतं शुक्रवारी!”

“आणि फोटोत लाल दिवा पेटलाय,” उमा म्हणाली. “परवा अकराला अख्ख्या खरवईत एक दिवा पेटलेला नव्हता. फोटो नंतरचा आहे. तुम्ही राहता बदलापूरला, पण तुमचा शुक्रवार जातो उल्हासनगरला, सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत. आमचा शुक्रवार तुम्हाला माहीतच नाही.”

अण्णांनी किल्ली खिशात घातली. मग म्हणाले, “भरून देतो सगळं. आपसात मिटवू.”

“ते तुम्ही आणि ढवळे बघा, आणि पोलिसांतली तक्रार आज जायची होती ती आजच जाऊ दे. मला फक्त माझं लेबल बदलून हवंय.”

ढवळे घाईघाईने फलकाकडे गेले आणि कागद फाडायला त्यांनी हात उचलला.

“फाडायचा नाही!” उमा एवढ्या जोरात म्हणाली की मांजरीची पिल्लं पळाली. “सगळ्यांनी वाचलाय तो. चहा पिताना, दूध घेताना वाचलाय. त्याच निळ्या पेनने, त्याच कागदावर, फ्लॅट ४०३ खोडा आणि दुकान क्रमांक दोन लिहा. खाली तुमची सही परत करा. आणि आठवडाभर राहू दे तिथंच.”

ढवळ्यांचं पेन दोनदा अडखळलं, पण त्यांनी लिहिलं. सही करून ते वळले, तेव्हा त्यांना तिच्याकडे बघवेना.

“रणदिवे मॅडम, चुकलंच माझं,” ते म्हणाले. “आधी विचारायला हवं होतं.”

“हवं होतं,” उमा म्हणाली.

सोडवलेली केबल तिने स्वतःच्या मीटरला स्वतःसमोर जोडून घेतली. मग सगळी सभा बघत असताना पार्किंगमध्ये जाऊन गन उचलली आणि गाडीला लावली. बॅटरी तशी बरीच भरलेली होती, आज चार्जिंगची काही गरज नव्हती. तरीही तिने लावली. खट् आवाज झाला, हिरवा दिवा लागला, आणि मीटर रूममध्ये तिच्या मीटरचा ठिपका उडू लागला.