रिकाम्या थांब्याचा फोटो

"थांबव! तिथेच थांबव!" भिंगरी खुर्चीवरून पडता पडता वाचली.

तिच्या चष्मेवाल्या मामेभावाने, म्हणजे प्रोफेसरने, व्हिडिओ थांबवला. वाचनालयाच्या संगणकावर नगरपालिकेची सभा चालू होती. ऐन सुट्टीत असलं काही कोण बघतं? पण आजोबा ज्या बसने रोज आजीला भेटायला जायचे, ती बस बंद होणार होती! शुश्रूषागृहातल्या आजीला हल्ली कुणाचं नाव आठवत नसे. तरी बसचा आवाज आला की ती खिडकीशी येऊन बसायची. बसच आली नाही तर?

पडद्यावर वाहतूक खात्याचे साहेब रिकाम्या थांब्याचा फोटो दाखवत होते. "इथे चिटपाखरूही नसतं!"

"नसतं कसं? आमचे आजोबा असतात!" भिंगरी फणकारली.

"पडद्याशी भांडून काय होणार?" पुस्तकं लावता लावता वाचनालयाच्या मावशी हसल्या. "फोटो खराही असेल. पण कधीचा आहे, ते शोधलंत का?"

दोघांनी फोटो मोठा केला. कोपऱ्यात निळ्या पाइपांचा ढीग!

"रस्ता खणला होता तेव्हाचा!" प्रोफेसर उडालाच. त्याने भराभर शहराच्या बातम्यांचं संकेतस्थळ धुंडाळलं. तोच थांबा, तेच पाइप आणि वर ठळक मथळा: 'रस्ता बंद, बस दुसऱ्या मार्गाने!'

"बसच येत नव्हती, तर माणसं काय तिथे झोपा काढायला जाणार?" भिंगरी म्हणाली.

मावशींना घेऊन दोघं थेट साहेबांच्या कचेरीत धडकली. "बाळांनो, बाहेर खेळा," साहेब म्हणाले. भिंगरीने छापून आणलेले दोन्ही फोटो टेबलावर ठेवले. साहेबांनी एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि कान खाजवला.

"घाईत काढला होता मी. पाइपांकडे लक्षच गेलं नाही," ते ओशाळून म्हणाले. "शाबास रे पोरांनो! पुढच्या सभेत माझी चूक मीच सांगतो."

त्यांनी खरंच सांगितली आणि बस वाचली!

दुसऱ्या दिवशी दोघं आजोबांबरोबर बसने गेली. आजी खिडकीतच होती. बस बंद होणार होती, हे आजोबांनी तिला कळूच दिलं नव्हतं.

"आलात?" तिचा चेहरा खुलला. मग तिने मुलांकडे निरखून पाहिलं. "ही गोड पोरं कुणाची हो?"

"आपली!" आजोबांनी दोघांना जवळ ओढलं. "यांनीच आणलं मला."