मक्याचे गोड दाणे आणि न पोळणारा चहा

ताटात ओतलेला पाक सुरीला दाद देईना. शलाकाने सुरी उभी धरून दाबली, मग दोन्ही हातांनी दाबली, आणि शेवटी सुरीचं टोकच वाकलं. नानांनी कडेचा एक तुकडा मोडून खलबत्त्यात टाकला आणि बत्त्याचा घाव घातला. तुकडा टणकन उडून फ्रीजच्या मागे गेला.

"ही गोळी नव्हे, गारगोटी आहे," नाना म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दाराशी रेवा उभी होती. ती ताटाकडे बघून कसनुसं हसली. हेच वाईट होतं. ओरडली असती तर शलाकाला बरं वाटलं असतं.

ही गोष्ट लडाखमधल्या एका वेधशाळेतली, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटर उंचीवरची. आजपासून फार दूरच्या काळातली नाही. तुम्ही आत्ता दहा वर्षांचे असाल, तर तुमच्या मुलांना ती शेजारच्या घरात घडल्यासारखी वाटेल. शलाकाचे बाबा तिथल्या दुर्बिणीचे अभियंते. दोन वर्षं त्या वस्तीत शलाका हे एकटंच मूल होतं. दोन महिन्यांपूर्वी तिची आत्या अमेरिकेतून तिथे कामाला आली आणि सोबत आली आतेबहीण रेवा, वय वर्षं अकरा. शलाकाला आभाळ ठेंगणं झालं. त्याच गाडीने दोघींचे आजोबा, नानाही आले. डॉक्टरांनी त्यांना तीनदा तपासून, चार सूचना देऊन सोडलं होतं.

रेवाचं मात्र इथे मन लागेना. उद्या सकाळी शेवटची गाडी खाली उतरणार होती. मग बर्फाने खिंड बंद, ती थेट उन्हाळ्यात उघडणार. रेवाचे बाबा पुण्यात होते. आत्याने तिला सांगितलं होतं, "राहायचं की बाबांकडे जायचं, तूच ठरव. पण गाडी सुटायच्या आत ठरव." रेवाची बॅग भरून तयार होती. शलाकाने ती सकाळीच पाहिली होती.

त्यातच आज होती एकतीस ऑक्टोबर. अमेरिकेत हा सणाचा दिवस. या सुमाराला तिथे पानं लाल-पिवळी होतात आणि घरोघरी एक खास गोळी खातात. दिसायला मक्याचा दाणाच जणू. टोक पांढरं, मध्ये नारिंगी, बूड पिवळं. रेवाच्या एका मैत्रिणीने हौसेने अख्खं पाकीट पाठवलं होतं, पण रेवाने ते फोडलंही नव्हतं. ती वर्षभरापासून प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात नव्हती. दूध नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही.

"पण ही तर साखरेची गोळी!" शलाका म्हणाली होती.

रेवाने पाकिटामागचा मजकूर वाचून दाखवला होता. त्यात जिलेटिन होतं (जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेला चिकट पदार्थ). मध होता. वरची चकाकी लाखेची होती, आणि लाख तयार होते एका किड्याच्या अंगातल्या स्रावापासून. "शेजारच्या आयरीन आजी मला घरी करून द्यायच्या, यातलं काही न घालता," रेवा म्हणाली होती. "जाऊ दे. इथे कोण करणार?"

"मी करणार!" शलाका बोलून गेली. बोलताना तिला पाक कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं. पण शब्द गेला तो गेला.

सामान मात्र झकास जमलं होतं. मधाऐवजी नानांनी सांगलीहून आणलेली उसाची काकवी. दुधाच्या भुकटीऐवजी नारळाच्या दुधाची भुकटी. लोण्याऐवजी खाण्याचं खोबरेल तेल, जे बाटलीत दगडासारखं गोठलं होतं. रंगाला हळद आणि काचघरात पिकलेलं बीट. साखरेचे मोठे खडे धरू नयेत म्हणून लिंबू. जिलेटिन वगळलंच, आयरीन आजीही ते घालत नसत. आणि साखर, दिवाळीच्या करंज्यांसाठी ठेवलेली वस्तीतली शेवटची तीन वाट्या साखर. त्यातली अर्धी वाटी दळून पिठीसाखर केली. उरलेली सगळी त्या ताटात दगड होऊन बसली होती.

"पळीराव, तू काय केलंस?" शलाकाने विचारलं.

पळीराव म्हणजे वस्तीतला स्वयंपाकी यंत्रमानव. त्याच्या उजव्या हाताच्या जागी पळी होती आणि त्या पळीतच तापमापक बसवलेला होता.

"इंटरनेटवरच्या कृतीत लिहिलं होतं, पाक एकशे पंधरा अंशांवर आला की आच बंद करावी," पळीराव शांतपणे म्हणाला. "मी एकशे पंधरा अंशांवर आच बंद केली. तापमापक सकाळीच तपासला आहे. माझ्याकडून चूक झालेली नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं!" नाना म्हणाले.

"मी नाचलो नाही," पळीराव म्हणाला.

आता खरी पंचाईत ही होती की तो खरंच बोलत होता. नानांनी कृती वाचली, पुन्हा वाचली. एकशे पंधराच. तापमापकही खोटं बोलत नव्हता. आणि नाना काही ऐरेगैरे नव्हते. चाळीस वर्षं साखर कारखान्यात पॅनमन होते, म्हणजे उसाचा रस आटवून त्याचे दाणे धरायचं काम करणारे. साखर त्यांच्या बोटांवर वाढली म्हटलं तरी चालेल. ते खुर्चीत बसून राहिले.

"राहू दे ना," रेवा हळूच म्हणाली. "तू प्रयत्न केलास. मला कळलं."

तिचा आवाज निरोपाचा होता. शलाकाला रडू आलं. ते दिसू नये म्हणून ती पाठ फिरवून चहाचं आधण ठेवायला लागली. पाणी लगेच खळखळू लागलं. चहा झाला, तिने तो नानांना दिला. नानांनी घोट घेतला आणि रोजचंच गाऱ्हाणं गायलं.

"हा काय चहा म्हणायचा? डोळ्यांदेखत उकळतोय, आणि जीभ म्हणून पोळत नाही! सांगलीत असा चहा दिला असता तर पाहुणा परत गेला असता."

शलाकाचा हात तिथेच थबकला. हे वाक्य तिने दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ ऐकलं होतं आणि रोज सोडून दिलं होतं.

"पळीराव," ती म्हणाली, "आधणातलं पाणी किती अंशांवर उकळतंय?"

पळीरावाने पळी पाण्यात बुडवली. "पंच्याऐंशी. रोज पंच्याऐंशीवरच उकळतं. साठ दिवसांची नोंद आहे."

"पण पाणी शंभर अंशांवर उकळतं ना?" रेवा पुढे आली. "शाळेत तसंच शिकवलंय."

"आणि हे तू आजवर सांगितलं का नाहीस?" शलाका ओरडली.

"मला कुणी विचारलं नव्हतं," पळीराव म्हणाला.

नानांनी कपाळावर हात मारून घेतला. चांगला आवाज आला. "अरे देवा! काखेत कळसा नि गावाला वळसा! चाळीस वर्षं मी दुसरं केलं काय? इकडे या गं दोघी. बसा."

त्यांनी चहाची बशी एका रिकाम्या वाटीवर झाकण म्हणून ठेवली आणि तिच्यावर तळहात टेकवला.

"पाण्याचे कण सारखे वर उडी मारायला बघतात. पण वरून हवा दाबते, या माझ्या हातासारखी. त्याला म्हणतात हवेचा दाब. पाणी तापवलं की कणांना जोर चढतो. त्यांचा जोर हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळायला लागतं. जितक्या अंशांवर हे होतं, तो त्याचा उत्कलनबिंदू (उकळण्याचं तापमान). समुद्राकाठी हवेचा सगळा थर डोक्यावर असतो, म्हणून तिथे शंभर अंश लागतात. आपण आहोत साडेचार किलोमीटर वर. हवेचा पुष्कळसा थर खालीच राहिला." नानांनी हात सैल केला. "दाब निम्म्याहून थोडासाच जास्त उरला. मग पाण्याला कमी जोर पुरतो. पंच्याऐंशीलाच उकळतं."

"म्हणून इथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही," शलाका म्हणाली.

"शाब्बास. आमच्या कारखान्यात हे मुद्दाम करतात. मोठा बंद पॅन असतो, त्यातली हवा पंपाने काढून घेतात. रस साठ-सत्तर अंशांवर उकळतो, करपत नाही. अख्खं लडाख म्हणजे एक व्हॅक्यूम पॅन आहे, आणि मी म्हातारा त्यात बसून चहाला नावं ठेवतोय!"

"पण पाकाचं काय?" रेवाने विचारलं. दार सोडून ती आता ओट्याला टेकून उभी होती.

"साखर पाण्याला धरून ठेवते, सुखासुखी उडू देत नाही. म्हणून पाकात पाणी जितकं कमी, तितकं त्याला उकळायला तापमान जास्त लागतं. तापमापक लोक पाकात कशासाठी घालतात? उष्णता बघायला नव्हे. पाणी किती उरलंय ते ओळखायला. समुद्राकाठी एकशे पंधरा म्हणजे मऊ गोळी होण्याइतकं पाणी शिल्लक. इथे?"

शलाकाने बोटांवर मोजलं. "इथे सगळंच पंधरा अंशांनी खाली सरकलं. म्हणजे शंभरालाच थांबायला हवं होतं. पळीराव एकशे पंधरापर्यंत गेला, म्हणजे खालच्या हिशोबाने एकशे तीस!"

"तेवढ्यात पाणी जवळजवळ संपलं आणि पाक दगड झाला," नाना म्हणाले. "कळलं कुठे चुकलं ते. पण आता साखर कुठून आणायची?"

कोडं सुटलं होतं आणि उपयोग शून्य होता. दिवाळीची साखरही गेली होती. शलाका ताटाकडे बघत राहिली. सोनेरी, काचेसारखा पारदर्शक, ढिम्म न हलणारा पाक. मग ती सावकाश म्हणाली, "नाना, यातून गेलं काय? फक्त पाणीच ना?"

"हो, पाणीच."

"साखर सगळी आहे?"

"जाईल कुठे? एक त्या फ्रीजमागचा तुकडा सोडला तर..." नानांचं वाक्य अर्धवट राहिलं. ते खुर्चीतून उठले. "अगं पोरी!"

ताट पालथं करून आपटलं आणि सगळे तुकडे पातेल्यात गेले. फ्रीजमागचासुद्धा, धुऊन घेऊन. वर वाटीभर पाणी. दगड दहा मिनिटं हट्टाने बसून राहिला, मग कडा झिजल्या, मग विरघळला. पाक उकळू लागला. नव्वद. पंच्याण्णव. पळीराव आकडे सांगत होता आणि शलाका पातेल्यावरून नजर हटवत नव्हती. हाही दगड झाला तर परत पाणी घालता येईल, हे तिला माहीत होतं. पण उद्या सकाळ परत आणता येणार नव्हती.

"शंभर," पळीरावाने सांगितलं.

"थांब. आकड्यावर एकदा फसलो," नाना म्हणाले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्यांचं झालं होतं. "आमच्याकडे मीटर होते तरी पॅनमन बोटाने बघायचाच. रेवा, वाटीत गार पाणी घे."

नानांनी पळीतला एक थेंब वाटीत सोडला आणि म्हणाले, "हं, गार झालाय. आता बोटांनी वळून बघ."

रेवाने पाण्यात बोटं घातली. थेंब चपटा झाला, लांबला, मग तिच्या बोटांमध्ये एक मऊ गोळी वळली गेली. ती दाबली जात होती आणि सोडली की पसरत नव्हती.

"आयरीन आजी पण असंच करायच्या!" रेवा म्हणाली. तिच्या आवाजात दोन महिन्यांत पहिल्यांदा उत्साह होता. "त्यांच्याकडे तापमापक नव्हताच."

"नसेलच. याला गोळीबंद पाक म्हणतात. समुद्राकाठी कर, डोंगरावर कर, गोळी वळली की पाणी बरोबर उरलं. बोटाला उंची कळत नाही."

"मला बोटं नाहीत," पळीराव म्हणाला. ते त्याने नुसतं सांगितलं, तक्रार केली नाही.

पिठीसाखर, नारळाची भुकटी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर खोबरेल घालून कोमट गोळा मळला. त्याचे तीन भाग केले. एकात हळद, एकात हळद आणि बिटाचा रस, एक तसाच. काकवीमुळे पांढरा भाग काही पांढरा झाला नाही, सायीच्या रंगाचा राहिला. तीन वळ्या शेजारी शेजारी चिकटवून मुलींनी तिरके तुकडे कापले. सुरी वाकडी असल्याने निम्मे दाणे मक्याचे कमी आणि शिंगाड्याचे जास्त दिसत होते.

रेवाने एक तोंडात टाकला. शलाका तिच्याकडे बघत राहिली.

"आजींसारखा नाही झाला," रेवा म्हणाली. मग तिने दुसरा घेतला. मग तिसरा.

नाना खिडकीशी चहा पीत होते. "उद्या मंगळावर वस्ती होईल," ते म्हणाले. "माणसं राहतील त्या बंद घुमटात हवा असेल विरळच. तिथे कुणी पोरगी पाक करायला घेईल तेव्हा तिने आधी विचारावं, इथे पाणी कितीवर उकळतं?"

"कितीवर?" रेवाने विचारलं.

"घुमटातला दाब सांगा, मी तापमान सांगतो," पळीराव म्हणाला. आता तो न विचारताही बोलायला शिकला होता.

रेवाने फडताळातून एक डबा काढला आणि त्यात मोजून वीस दाणे भरले. शलाकाचं तोंड उतरलं. वाटेत खायला घेते आहे, तिला वाटलं. तिने खाली मान घालून ओटा पुसायला घेतला. दगडाचे बारीक कण ओट्याला चिकटले होते, ते ती नखाने खरवडत राहिली.

"शलाका, तुझं पेन दे," रेवा म्हणाली.

शलाकाने पेन दिलं. रेवाने डब्यावर कागद चिकटवला आणि वाकड्यातिकड्या मराठीत लिहिलं: 'बाबा, पुणे.'

"गाडीवाल्या काकांना सांगून ठेवायला हवं," ती म्हणाली. "उद्या हा डबा जाणार आहे. मी नाही."