उत्तर कड्यावरचा नमुना

कपाट उघडलं आणि ताईंना सरांचं अक्षर दिसलं.

संशोधन केंद्राच्या त्या लांबट खोलीत कोरड्या डोंगररांगेतल्या झाडाझुडपांचे नऊ हजार वाळलेले नमुने होते. अकरा वर्षं ते ताईच सांभाळत होत्या. कुठला कागद कुठल्या कप्प्यात आहे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. हा कागद परवापर्यंत इथे नव्हता.

कागदावर बोटभर उंचीचं एक रोप होतं. जाड, करडी पानं आणि टोकाला एक पिवळं फूल. ही जात एकाच डोंगरावर उगवायची. आता ती तिथेही उरली नाही, असा सरकारी पाहणीचा निष्कर्ष होता. म्हणूनच डोंगराच्या उत्तर अंगाला दगडखाण मंजूर झाली होती. पुढच्या आठवड्यात सुरुंग लागणार होते.

खाली चिठ्ठी. पेन्सिलीचं तिरकं, घाईचं अक्षर. ‘उत्तर कडा. खडकाच्या भेगा. जागेवर शिल्लक: एकही नाही.’

आणि अकरा वर्षांपूर्वीची तारीख. त्याच तारखेला, एका सोमवारी, सर डोंगरावर गेले होते; केंद्राचे तेव्हाचे वनस्पतितज्ज्ञ, ज्यांच्या हातच्या चिठ्ठ्या ताई रोज हाताळत. ते परत आलेच नाहीत. देहही मिळाला नाही.

पेन्सिल फिकी पडत नाही, हे ताईंना ठाऊक होतं. तरी त्यांनी अक्षरावरून बोट फिरवून पाहिलं, जणू ते अजून ओलं असावं.

संचालकांनी कागद पाहिला आणि ते खुर्ची ओढून बसले.

“ही थट्टा कोणी केली?”

“अक्षर सरांचंच आहे.”

“ते दिसतंय मला. इथे ठेवलं कोणी?”

“काल कीडनाशक फवारलं. सगळी कपाटं दिवसभर उघडी होती. आत तुम्ही आलात, मी होते, आणि शिडी-डबे घेऊन मामा.”

मामा म्हणजे केंद्राचे ड्रायव्हर. सरांना डोंगरावर सोडणारे तेच.

“म्हणजे माझ्यावरही संशय?”

“त्या सोमवारी तुम्ही कुठे होतात?”

“परिषदेला. शुक्रवारी परतलो.”

हे खरं होतं. ताईंच्या नेमणुकीच्या पत्रावर त्यांनी त्याच शुक्रवारी सही केली होती. केंद्रात तेव्हा सरांच्या शोधाची धावपळ चालली होती, आणि ताईंना हातात पत्र घेऊन दारातच तासभर उभं राहावं लागलं होतं.

दुपारभर ताई भिंग घेऊन त्या रोपावर वाकून बसल्या. बाहेर वारा सुटला होता. पलीकडच्या सरांच्या खोलीचं दार मधूनच कुरकुरायचं. ती खोली कोणी वापरत नसे. ताईंनी दोनदा मान वर करून पाहिलं आणि मग स्वतःलाच दटावलं.

रोपाला मूळ होतं. सरांनी आयुष्यात कधी दुर्मिळ रोपाचं मूळ काढलं नव्हतं. फांदी घ्या, झाड ठेवा, असं ते सगळ्यांना बजावत.

आणि पानांवर एकही काळा डाग नव्हता.

संध्याकाळी त्या गॅरेजमध्ये गेल्या. मामा जीपची काच पुसत होते. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते.

“मामा, त्या सोमवारी सरांना कुठे सोडलंत?”

हात थांबला नाही. “दक्षिणेच्या पायथ्याला. तेव्हाच जबानी दिलीय, ताई.”

“आणि मग?”

“बुधवारी न्यायला ये म्हणाले. मी रिकामी गाडी घेऊन परत आलो. बुधवारी गेलो तर सर नाहीत.”

“शोध दक्षिणेच्याच दरीत घेतला?”

“दुसरीकडे कुठे घेणार?”

“सरांबरोबर फिरून नमुने कागदात दाबून वाळवायला शिकला असाल ना?”

“छे. मला काय कळतंय त्यातलं? आपलं काम स्टिअरिंगचं.”

तिथून ताई थेट सरांच्या घरी गेल्या. केंद्रामागच्या दोन खोल्यांत काकू एकट्याच राहत. मृत्यूचा दाखला अजून घेतला नव्हता. कोणी विषय काढलाच तर म्हणत, ‘कशाचा दाखला? माणूस तर दाखवा.’

“काकू, दौऱ्यावर नमुने कोण वाळवायचं?”

“ह्यांना कुठला वेळ? हे लिहीत बसायचे. टीपकागद बदलायचे ते मामा. गाडीच्या गरम बॉनेटवर कागद वाळवायचे. माझ्यापेक्षा हात हलका आहे त्यांचा, असं हे नेहमी म्हणायचे.” काकू थांबल्या. “का गं?”

“उद्या सकाळी सरांच्या खोलीत या,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना सरांच्या खोलीत बोलावलं. संचालक खिडकीशी उभे राहिले. काकू सरांच्या खुर्चीत बसल्या. मामा दारातच थांबले. टेबलावर तो कागद होता.

“अशी मांसल रोपं दाबली तरी सहजासहजी मरत नाहीत,” ताई म्हणाल्या. “आधी उकळत्या पाण्यात बुडवावी लागतात, मग रोज टीपकागद बदलावा लागतो. दोन दिवस दुर्लक्ष झालं की पानं काळी पडून गळतात. याचं एकही पान गळलेलं नाही. म्हणजे त्याच सोमवारी हे रोप जाणत्या हातात पडलं.”

“पण सर वर एकटे होते,” संचालक म्हणाले.

“सोमवारी डोंगरावरून एकच गोष्ट खाली आली. जीप. ती रिकामी नव्हती.”

मामांनी चौकट धरली.

“तुम्ही तेव्हा परिषदेला होतात. मी रुजू झाले नव्हते. कागद बदलणारा हात एकच उरतो, आणि काल मामांनी मला सांगितलं की त्यातलं त्यांना काही कळत नाही. दक्षिणेला सोडलं म्हणाले, पण चिठ्ठीत उत्तर कडा आहे. शोध घेणाऱ्यांना चुकीच्या दरीत पाठवलं गेलं.” ताईंचा आवाज खाली आला. “सर मूळ काढत नसत. म्हणजे रोपं दुसऱ्याच कोणीतरी उपटली होती, आणि एकही शिल्लक ठेवलं नव्हतं. मामा, रोपं कोणासाठी काढली होती?”



“एक परका माणूस होता,” मामा म्हणाले. “अशी दुर्मिळ रोपं हौसेनं जमवायचा. मी आदल्या आठवड्यात जाऊन सगळी काढली. गाडीत सीटखाली पोतं होतं. सरांनी कडा पाहिला, खाली आले आणि त्यांना पोतं सापडलं.”

“मग?”

“ओरडले नाहीत. एक रोप बाजूला काढलं, गाडीतच चिठ्ठी लिहिली. म्हणाले, हा पुरावा, उद्या पोलिसांत द्यायचाय. तोवर नीट सांभाळ, कागद रोज बदल. मग पोतं खांद्यावर टाकून परत वर चढले. रोपं जिथल्या तिथे लावतो म्हणाले. भर दुपार होती. मला थांबायला सांगितलं होतं.” मामांनी डोळे मिटले. “मी घाबरलो. गाडी काढली. मंगळवारी पहाटे गेलो, तर ते कड्याखाली पडलेले. गार झाले होते.”

“आणि कागद?” संचालकांनी विचारलं.

“बदलत राहिलो. रोज. का, ते मला नाही सांगता येत.”

“मग आत्ताच का ठेवलात?”

“सुरुंग लागले की सर दगडाखाली जातील. सांगायला तोंड नव्हतं. वाटलं, ताई बघतील.”

दुपारी पोलिसांना घेऊन सगळे उत्तरेच्या पायथ्याशी पोचले. वाट मामांनीच दाखवली. कड्याच्या तळाशी, दोन खडकांच्या बेचक्यात, सर सापडले. चष्म्याची एक काच शाबूत होती.

ताई आणि संचालक कड्यावर चढले. खालून तिथे नुसता करडा खडक दिसायचा. पाहणी करणारेही बहुधा खालूनच बघून गेले असावेत. अरुंद कंगोऱ्यावर मात्र भेगाभेगांतून जाड पानं डोकावत होती. काही थोराड, काही नखाएवढी. संचालक मोजायला लागले, मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. मग त्यांनी तिथूनच फोन लावला आणि खाणीचं काम आजच्या आज थांबवा, असं पलीकडच्या माणसाला दोनदा सांगितलं.

काकू खाली जीपमध्ये बसून होत्या. मामा हवालदाराशेजारी उभे होते. ताई उतरून आल्या तेव्हा काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या मामांकडे बघत होत्या.

“भर दुपारी चढले म्हणालात,” काकू म्हणाल्या. “त्यांच्याजवळ पाणी होतं?”



“नाही, वहिनी. बाटली गाडीतच राहिली होती.”

“मग ती?”

“परत येताना मी प्यायलो.”

काकूंनी मान हलवली. मग हात पुढे करून त्यांनी जीपची काच हळूहळू वर घेतली.