कुकरची शिट्टी कुठे गेली?

आईचा निरोप अगदी स्वच्छ ऐकू आला. ना खरखर, ना अडखळ. तरीही तो संपल्यावर कृत्तिकाला रडू फुटलं.

चंद्रावरच्या त्या वस्तीत ती एकटीच लहान. बाबा दिवसभर खाणीवर, आणि सोबतीला दगडू. दगडू म्हणजे घरकाम करणारा यंत्रमानव. स्वभावाने गरीब, पण टापटिपीचं भारी वेड. आई नाशिकला राहिली होती. तिचे निरोप यायचे, पण हल्ली ती बातम्या दिल्यासारखी बोलायची. "मी मजेत आहे. अभ्यास कर." बस्स! मागे कुकरची शिट्टी नाही, की मनीचं म्याव नाही.

"आईला आता माझी आठवणच येत नाही," कृत्तिका म्हणाली.

"निरोप वाटेत बदलला असेल तर?" दगडू म्हणाला. "आधी पडताळून बघ."

"कसं? मूळ निरोप तर पृथ्वीवर आहे."

"त्याचा आकडा पुरतो. फाइल म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. समज, रांगेत ५, २, ७ आहेत. बेरीज?"

"चौदा."

"पाठवणारा ही बेरीज सोबत धाडतो. तिला म्हणतात चेकसम (पडताळणीचा आकडा). आपण पुन्हा बेरीज करायची. वेगळी आली, की समजायचं फाइल बदलली."

कृत्तिकाने डोळे पुसले. "आणि ५ न् २ची अदलाबदल झाली तर? बेरीज चौदाच!"

"शाब्बास! म्हणून प्रत्येकाला त्याच्या जागेने गुणायचं. पाच एके पाच, दोन दुणे चार, सात त्रिक एकवीस, झाले तीस. अदलाबदल केलीस, तर तेहेतीस. पृथ्वीवरची रीत याहून किचकट आहे, पण कल्पना हीच. ती रीत मी तुला शिकवतो."

मग कृत्तिका संगणकाच्या काळ्या पडद्यासमोर ठाण मांडून बसली. तिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. हुकूम टाइप करायचा, की यंत्र तो पाळतं. कितीदा चुकली, चिडली, पण आज्ञावली (यंत्राला दिलेल्या सूचना) पुरी केली. नाव ठेवलं 'पडताळ'. तिने 'पडताळ' असं लिहिलं, पुढे फाइलचं नाव आणि पृथ्वीवरून आलेला आकडा.

उत्तर आलं: जुळत नाही.

"दगडू, या फाइलला कुणी हात लावला?"

"कुणीच नाही. मी फक्त झाडूनपुसून ठेवली. आवाजातला कचरा हल्ली रोजच काढतो मी."

"कचरा म्हणजे?"

"शिट्ट्या, म्याव, हुंदके."

कृत्तिका त्याच्यावर अशी भडकली, की दगडू दोन चाकं मागे सरकला. "पण आली तशी प्रत अँटेनाच्या साठ्यात आहे," तो चाचरत म्हणाला.

तिने ती पडताळली. जुळते!

"मी मजेत आहे," आई म्हणाली. मग एक दाबलेला हुंदका. कुकरची शिट्टी. "गप गं मने, कृत्तिकाशी बोलतेय ना." नाक ओढल्याचा आवाज. "अभ्यास कर."

कृत्तिका पुन्हा रडली. पण आता नाशिकच्या त्या स्वयंपाकघरात कुणीतरी आपल्यासारखंच एकटं आहे, हे तिला कळलं होतं.

तिने उत्तर बोलून ठेवलं. त्यात हवेच्या पंपाची घरघर होती, दगडूच्या चाकांची कुरकुर होती, तिचं मुसमुसणंही होतं.

"यातलं काही पुसायचं नाही," तिने बजावलं.

"कचरासुद्धा?"

"कचरासुद्धा."

सोबत तिने आकडा धाडला, आणि आईसाठी 'पडताळ'ही. दुसऱ्या दिवशी नाशिकहून एकच शब्द आला: जुळते.