घरभर हिंडणारे घड्याळ

"उर्वी, तुमचं घड्याळ घरभर हिंडतंय!" आई म्हणाली आणि हसली.

आई चंद्रावर होती. तिथून निघालेला आवाज संगमनेरला पोचायला सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागे. त्यामुळे पडद्यावर आईचे तोंड बंद दिसले की उर्वी मनात एक म्हणायची आणि मगच उत्तर द्यायची.

"हिंडतंय म्हणजे?"

"आधी टिकटिक समोर होती, बरोबर. मग उजवीकडे गेली. मग थेट माझ्या पाठीमागे! मला तर गरगरायलाच लागलं गं. बंद केलं शेवटी. पण छान केलंयस हं."

त्या सगळ्यातले उर्वीच्या मनात दोनच शब्द राहिले. बंद केलं.

आई भूगर्भशास्त्रज्ञ (खडक-मातीचा अभ्यास करणारी) होती. चंद्राच्या दक्षिण टोकाजवळच्या तळावर तिचे काम चाले. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे बाहेर आवाजही नाही. तळाच्या आत दिवसरात्र पंख्यांची एकच घरघर. आईला झोप लागत नव्हती. "डोळे मिटले की मी आपल्या घरात फिरून येते," तिने मागे एकदा सांगितले होते, "पण परवा काय झालं, स्वयंपाकघर कुठल्या हाताला ते पटकन आठवेचना."

ते ऐकल्यावर उर्वीने ठरवले, आईला घर पाठवायचे. तळावर आराम करायची एक गोल खोली होती. तिच्यात कडेने पाच स्पीकर होते, शिवाय खोल, घुमणाऱ्या आवाजांसाठी एक वेगळा खोका. त्यातून सराउंड साउंड (ऐकणाऱ्याच्या चहूबाजूंनी येईल असा मांडलेला आवाज) ऐकता येई. उर्वीने घरातल्या बंडू या यंत्रमानवाला दिवाणखान्यात आईच्या खुर्चीच्या जागी उभे केले. त्याच्या डोक्याभोवती चार माइक होते. त्याने एक अख्खी सकाळ टिपून घेतली. अप्पांचे लंबकाचे घड्याळ, बाबांच्या भाकऱ्या, कुकर, मागच्या गॅलरीतली बुलबुलची पिल्ले, सगळे त्यात होते. शेवटी उर्वीने स्वतःचा एक निरोप जोडला होता. आई तिथपर्यंत पोचलीच नव्हती.

आणि परवा आई चंद्राच्या पलीकडच्या बाजूला छावणीवर निघणार होती. तिथून महिनाभर फक्त चार ओळींचे लेखी निरोप येणार. बरोबर न्यायचे ते उद्या संध्याकाळपर्यंत तळावर पोचायला हवे होते.

"परत रेकॉर्ड कर की," बाबा म्हणाले.

"कसं करू? पिल्लं उडून गेली ना. बुलबुल ते घरटं बांधत होते तेव्हा आईनं पडद्यावर पाहिलं होतं. पिल्लं तिनं कधी ऐकलीच नाहीत."

उर्वी लॅपटॉप उचलून अप्पांकडे गेली. अप्पा म्हणजे आईचे वडील. पाण्याखालचे आवाज ऐकून जहाज कोणत्या दिशेला आहे ते शोधण्याच्या कामात त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या प्रत्येक आवाजाबद्दल तक्रार करत, एक घड्याळ सोडून.

"माझं घड्याळ हिंडतंय?" अप्पांनी दारातून दिवाणखान्याच्या भिंतीकडे पाहिले. "पन्नास वर्षांत जागचं हललेलं नाही ते. तू पाठवण्याआधी ऐकलं होतंस ना?"

"ऐकलं होतं. लॅपटॉपवर."

"लॅपटॉपचे स्पीकर दोन, तेही तुझ्या नाकासमोर. त्यातून पाठीमागचं काय ऐकू येणार, कप्पाळ! बस इथं. डोळे मिट. आवाज कुठून येतोय ते बोटानं दाखव."

अप्पांनी किल्ल्यांचा जुडगा वाजवला. उर्वीने लगेच उजवीकडे बोट केले.

"कसं कळलं?"

"उजव्या कानात मोठ्यानं वाजलं."

"ते एक. डाव्या कानापर्यंत जाताना आवाजाला तुझं डोकं आडवं येतं. झाडामागं सावली पडते ना, तशी डोक्याची सावली डाव्या कानावर पडते. आणि दुसरं, डाव्या कानाला तो उशिरा पोचतो. किती उशिरा? सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तेवढाही फरक तुझा मेंदू मोजतो. गणिताच्या पेपरात मात्र कुठं जातो कुणास ठाऊक."

"अप्पा!"

"आता मान अजिबात हलवायची नाही." अप्पांनी एका हाताने तिची हनुवटी धरून ठेवली आणि दुसरा हात लांबवून किल्ल्या नुसत्या एकदा हलवल्या.

"समोर," उर्वी म्हणाली.

"चूक. डोक्याच्या मागं धरल्या होत्या. समोर काय नि बरोबर मागं काय, आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो. मेंदूला फरक सापडत नाही. कानाच्या पाळीच्या घड्या थोडी मदत करतात, मागून येणारा आवाज त्यांच्यामुळं जरा बोथट होतो. पण तेवढ्यानं नेहमी भागत नाही. आता मान मोकळी."

किल्ल्या पुन्हा वाजल्या. उर्वीची मान नकळत डावीकडे वळली आणि ती ओरडली, "मागेच आहेत! मान डावीकडे वळवली तर आवाज डाव्या कानात वाढला. समोर असत्या तर उजव्या कानात वाढला असता."

"शाबास. म्हणून कुत्रं आवाज आला की मान तिरकी करतं. आपणही करतो, आपल्याला कळत नाही इतकंच."

मग अप्पांनी लॅपटॉपवर तिचे रेकॉर्डिंग उघडले. बंडूचे चार माइक म्हणजे चार कान. कोणता आवाज कोणत्या माइकला आधी पोचला, यावरून लॅपटॉप दिशा काढत होता. पडद्यावर एक मोठे वर्तुळ होते. मधोमध ऐकणारा, आणि कडेने सरकणारे रंगीत ठिपके, प्रत्येक आवाजाचा एक. अप्पांनी तिला हेडफोन दिले. "आता लॅपटॉप तुझ्या कानांना फसवणार. कुठल्या कानात किती उशिरा, किती हळू, किती बोथट, याचा हिशोब करून तो दोन्ही कानांत वेगळा आवाज सोडतो. त्या पाच स्पीकरच्या मध्ये बसल्यासारखं वाटेल बघ."

उर्वीने डोळे मिटले. टिकटिक समोर होती. मग खरोखरच ती उजवीकडे गेली. जरा वेळाने सरळ पाठीमागे. तिला गरगरायला लागले. आईला काय झाले असेल ते तिला आता कळले.

तिने डोळे उघडून तोच भाग पुन्हा लावला आणि पिवळ्या ठिपक्यावर, म्हणजे घड्याळावर, नजर ठेवली. बाबांनी भाकरी थापायला सुरुवात केली तशी घड्याळ उजवीकडे सरकले. पिल्ले चिवचिवली तसे ते मागे गेले.

"अप्पा, स्वयंपाकघर आईच्या खुर्चीच्या डावीकडे आहे ना? पण इथे भाकरीचा ठिपका समोर दिसतोय. आणि पिल्लं मागच्या गॅलरीत होती, तीही समोर! जो आवाज करेल तो समोर, आणि घड्याळ दुसरीकडेच."

उर्वी उठली, दिवाणखान्यात गेली आणि कपड्यांच्या घड्या घालत असलेल्या बंडूच्या बाजूला उभी राहिली.

"बंडू."

बंडूने टॉवेल खाली ठेवला आणि मान वळवून तिच्याकडे पाहिले. "बोला ताई."

ती दुसऱ्या बाजूला गेली आणि टेबलावरचा चमचा उचलून तिने भिंतीवर आपटला. बंडूची मान पुन्हा तिच्याकडे.

"त्या दिवशी रेकॉर्ड करतानासुद्धा मान वळवत होतास?"

"हो ताई. कुणी बोललं की त्याच्याकडे तोंड करून ऐकावं, असं आईंनी शिकवलंय. तुम्हालाही तेव्हाच शिकवलं होतं. तुम्ही करत नाही."

"आणि पिल्लांकडे? ती काय तुझ्याशी बोलत होती?"

"कुणाशी बोलत होती ते मला कळलं नाही. म्हणून वळलो. उगीच कुणाचा अपमान नको."

स्वयंपाकघरातून बाबांचे हसू ऐकू आले. बंडूने तिकडेही मान वळवली.

उर्वी धावत अप्पांकडे आली. "घड्याळ हिंडत नाहीये. बंडूची मान हिंडतेय! तो स्वयंपाकघराकडे वळला की समोरचं घड्याळ त्याच्या उजवीकडे येतं. पण अप्पा, मीसुद्धा घरात मान वळवते की. मला का नाही घड्याळ हिंडल्यासारखं वाटत?"

"हा खरा प्रश्न!" अप्पांनी मांडीवर थाप मारली. "कारण मान वळवल्याचं तुझ्या मेंदूला ठाऊक असतं. तो तेवढं वळण वजा करतो, म्हणून जग जागच्या जागी राहतं. तुझ्या आईनं मात्र मान हलवलीच नव्हती. तिला बंडूच्या वळलेल्या मानेनं ऐकावं लागलं. कान म्हणाले, तू वळलीस. शरीर म्हणालं, मी तर पडून आहे. या दोघांचं भांडण लागलं की गरगरतं."

"मग आपण वजा करू."

"काय?"

"वळण. घड्याळ खरं तर हललंच नाही ना. मग पिवळा ठिपका समोर धरून ठेवायचा. तो उजवीकडे जाईल तेवढं अख्खं वर्तुळ डावीकडे फिरवायचं. बाकीचे आवाज आपोआप आपल्या जागी जातील."

अप्पांनी चष्मा काढून पुसला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. "कर."

काम वाटले तितके सोपे नव्हते. लॅपटॉप वर्तुळ फिरवायचा, पण कुठे किती ते उर्वीलाच दाखवावे लागे. घड्याळ समोर आणले की भाकरी हळूच डावीकडे जाऊन बसे. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा हेडफोनमध्ये डाव्या हाताला स्वयंपाकघर उघडल्यासारखे वाटले आणि उर्वीने खरोखर तिकडे पाहिले.

मग कुकरची शिट्टी आली आणि पिवळा ठिपका नाहीसा झाला. शिट्टीत टिकटिक बुडाली होती. शिट्टीकडे बंडू वळला होता हे नक्की, पण किती?

"आता काय धरणार?" अप्पांनी विचारले.

उर्वीने ओठ चावला. शिट्टीच्या आधी ऐकले, नंतर ऐकले. "शिट्टीच!" ती म्हणाली. "स्वयंपाकघरही कुठे हलतं? कुकर डावीकडे धरून ठेवते. शिट्टी संपली की परत घड्याळ."

"जे हलत नाही ते धरायचं. आम्ही पाण्याखाली हेच करायचो," अप्पा म्हणाले.

दिशा बसल्यावर मिक्सिंग (प्रत्येक आवाज हवा तितका लहान-मोठा करून एकत्र बसवणे) उरले. उर्वीने आधी कुकरचा आवाज चढवला, मग पिल्लांचा, मग बाबांच्या हाकेचा, मग पुन्हा कुकरचा.

"आईला झोपवायचंय की दचकवायचंय?" अप्पांनी विचारले. "सगळेच मोठ्यानं बोलायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. आपल्या सोसायटीची सभा आठव."

उर्वीने कुकर खाली आणला. तेवढ्याने पिल्ले आपोआप पुढे आली, त्यांना चढवावे लागले नाही. इमारतीखालच्या पाण्याच्या पंपाची घुमघुम तिने त्या वेगळ्या खोक्यात टाकली. इतक्या खोल आवाजाची दिशा कानांना नीट कळतच नाही, त्यामुळे खोका खोलीत कुठेही असला तरी चालतो, असे अप्पांनी सांगितले. घड्याळ तिने समोरच ठेवले, अगदी हलके. लक्ष दिले तरच ऐकू येईल इतके.

शेवटी तिचा निरोप होता. "आई, सगळं जागच्या जागी आहे. तू लवकर ये." तो कुठे ठेवावा? तिने ठिपका समोर ठेवून पाहिला, मग सरकवत सरकवत आईच्या खुर्चीच्या उजव्या हाताशी आणला. गोष्ट ऐकताना ती तिथे बसायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेकॉर्डिंग रवाना झाले.

रात्री आईचा निरोप आला नाही. उर्वीने जेवताना चारदा पडदा पाहिला. "परत गरगरलं असेल का हो?" तिने विचारले. अप्पा म्हणाले, "जेव." पण त्यांनीही एकदा चोरून पडद्याकडे पाहिले.

सकाळी उर्वी दात घासत होती तेव्हा लॅपटॉप वाजला. पडद्यावर आई होती. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली.

"उर्वी, माफ कर गं. रात्री सांगायचं राहिलं. डाव्या हाताला बाबांच्या भाकऱ्या चालल्या होत्या. मी म्हटलं, होतील आता, आणि मागे बघते तर पिल्लं! कधी झाली गं ती? परवा गरगरण्यात कळलीच नाहीत. आणि मग..." आईने जांभई दिली. "मग काही आठवत नाही. झोपच लागली. शेवटी काय आहे त्यात?"

उर्वीने मनात एक म्हटले. मग आणखी एक म्हटले. सांगावे की नाही?

"आहे काहीतरी," ती म्हणाली. "छावणीवर ऐक. नाहीच पोचलीस शेवटपर्यंत तरी चालेल."

अप्पा खोकल्याचे निमित्त करून हसले.

"पोचेन गं एखाद्या रात्री. बरं ऐक, इथं शेजारच्या खोलीत नायजेरियाची एक इंजिनिअर आहे. ती दारात उभी राहून ऐकत होती. विचारते, तुझी मुलगी माझंही घर करून देईल का? तिच्या भावाकडे रेकॉर्डिंग आहे म्हणे. त्यात बाजारही आहे आणि कोंबड्याही आहेत."

उर्वीने अप्पांकडे पाहिले. न पाहिलेल्या घराचे न हलणारे काय असेल? एखादी चक्की? नळ? ते आधी शोधावे लागेल. आणि भावाला सांगावे लागेल की रेकॉर्ड करताना मान वळवू नकोस, कोंबडी कितीही बोलली तरी.

"हो म्हण," ती म्हणाली. "पण आई, घड्याळ का हिंडत होतं माहितीय? तुझ्यामुळे! बंडूला तूच शिकवलंस ना, कुणी बोललं की त्याच्याकडे..."

दोन-अडीच सेकंदांनी चंद्रावरून आईचे खळखळून हसणे आले.

टॉवेलांचा ढीग हातात घेऊन बंडू दारातून चालला होता. तो थांबला, त्याने मान वळवली आणि आईचे हसणे संपेपर्यंत तो लॅपटॉपकडे तोंड करून उभा राहिला. उर्वीही.