फोनला ओ

भाग्यश्री लग्न होऊन मखमलाबादच्या मळ्यात आली, तेव्हा मोबाईल नुकते घरोघर पोचले होते. नवरा समाधान रोज पहाटे टेम्पोत झेंडू भरून नाशिकच्या फुलबाजारात जायचा. तिथून त्याचे मेसेज यायचे. 'पोचलो.' 'जेवलो.' 'भाव बरा आहे.' फोन मात्र कधी नाही. आणि हिनं केला तर उचलायचाच नाही. मेसेज स्वस्त पडतो, म्हणायचा. पण नव्या नवरीला नवऱ्याचा आवाज ऐकावासा वाटतो, तिला स्वस्त-महागाशी काय देणंघेणं?

संशयाला औषध नसतं. हा आवाज चोरतोय म्हणजे शेजारी कुणीतरी बसलेली असणार, असं तिच्या मनानं घेतलं. एका दुपारी हार ओवताना तिनं सासूला, रंगूबाईंना, विचारलंच.

रंगूबाईंची सुई थांबली. "आमच्यात फोनला ओ देत नाय, पोरी. माझ्या थोरल्यानं, खंडेरावानं दिली व्हती. माझाच आवाज आला, असं बाजारात सांगून निघाला... कॅनॉलवर ये म्हनला म्हनं. अन् मी तर हितं भाकऱ्या थापत व्हते." त्यांनी सुईतला दोरा तोडला. "पाण्यात गावला. तवापास्नं मेसेजच करतो आमी. जे बोलावतं ना, त्याला लिवता येत नाय... निस्तं बोलता येतं."

भाग्यश्रीचं डोकं फिरलं. धाकट्याच्या भानगडीवर पांघरूण घालायला मेलेल्या थोरल्याला मधे आणायचं, म्हणजे हद्द झाली! संध्याकाळी समाधान घरी आला तशी ती तडकली.

"उद्या माझा फोन उचलला नाहीत, तर मी विंचूरला माहेरी निघून जाईन. परत यायची नाही."

समाधान बराच वेळ अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला. "मेसेजवर सगळं सांगतो की गं तुला..."

"मला तुमचा आवाज हवाय."

"बरं. उचलीन." त्याचा चेहरा इतका उतरला, की तिचा संशय पक्काच झाला.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम थांबली. गिऱ्हाईक ओसरलं की फोन करू, म्हणजे शेजारी जी कोण असेल ती नीट ऐकू येईल. दुपार कलली. मळ्यात चिटपाखरू नव्हतं. खुडलेल्या झेंडूचा उग्र वास घरभर कोंदला होता, आणि त्यात कुठूनसा शेवाळलेल्या पाण्याचा वास मिसळत होता. तिनं मोबाईल हातात घेतला, तोच तो वाजला. समाधानचा मेसेज होता.

'उचलला ना फोन? आता तरी रुसवा सोड. रडू नको. टेम्पो कॅनॉलवर लावतो. तू उभी आहेस तिथंच थांब.'

तिनं अजून फोन लावलाच नव्हता.

"आत्याबाई..." तिनं हाक मारली. रंगूबाई धावत आल्या, सुनेचा चेहरा बघून म्हणाल्या, "ओ दिली त्यानं?" भाग्यश्रीनं लिहिलं, 'ती मी नाही. जाऊ नका.' मेसेज गेला. उत्तर आलं नाही. मग तिनं नंबर लावला. उचला... एकदाच उचला हो...

'आपण ज्यांना फोन करत आहात,' पलीकडून ठरावीक आवाजात एक बाई सांगत होती, 'ते सध्या दुसऱ्या कॉलवर बोलत आहेत.'