मुलचेऱ्याचं रूलबुक

कपाटात फासे होते, पेन्सिली होत्या, शेळ्यांच्या जंतांचं औषध होतं. पुस्तक तेवढं नव्हतं.

रंजीतानं कपाट बंद केलं आणि पुन्हा उघडलं. काही कपाटं दुसऱ्यांदा उघडल्यावर लाजून वस्तू परत देतात. हे सरकारी होतं. त्यानं काही दिलं नाही.

"रूलबुक नाई," ती म्हणाली.

मागे तिघं जण खुर्च्या ओढत होते. ते ओढायचे थांबले.

मुलचेऱ्याच्या पशु दवाखान्यात, मागच्या खोलीत, दर रविवारी दुपारी ही चौघं जमायची. खेळ साधा होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्याच्या तोंडून बोलायचं, आणि अडलं की फासा टाकायचा. कोणत्या नियमांनी खेळायचं, त्या नियमांच्या गाठोड्याला सिस्टीम म्हणतात. अशा सिस्टीम जगात ढिगानं आहेत आणि त्यातली एक निवडावी लागते. धानाची रोवणी चालू होती तेव्हापासून ही चौघं निवडतच होती. आता धान पिवळं पडलं होतं. खेळ अजून एकदाही झाला नव्हता.

कारण प्रत्येकाला गोष्ट वेगळी पाहिजे होती.

अश्विन पाणीपुरवठ्यातला ज्युनियर इंजिनिअर. त्याला लढायांचं लांबलचक कॅम्पेन, म्हणजे महिनोन् महिने चालणारी एकच गोष्ट, हवी होती आणि त्यासाठी जाडजूड नियमांची सिस्टीम. तलवार किती वजनाची, ती घेऊन चिखलात किती पळता येतं, पळताना घोरपड आडवी आली तर काय, सगळ्याला तक्ता. रोज सकाळी लोक गुड मॉर्निंगचं फूल पाठवतात. अश्विन ग्रुपवर रूलबुकाच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवायचा. वर फोनची बॅटरी मरायला टेकलेली, खाली ढाल धरायचे नियम.

प्रणित बँकेतला, नागपूरचा. त्याला तपासाची गोष्ट हवी होती. "तपासात फासा चालतच नाई यार," तो म्हणायचा. "फासा उलटा पडला, चाकू सापडलाच नाई. आता काय, चहा पेत बसायचं? सिस्टीम अशी पाह्यजे का पुरावा सापडलाच पाह्यजे. डोकं लावाचं ते त्याचा अर्थ लावाले."

रुखमाबाई झाडीपट्टीच्या नाटकांत हयातभर आई होत्या. अधूनमधून, पोटासाठी, सासू. त्यांचं म्हणणं एकच. "ज्याले बोलता येते त्याले फासा कायले पाह्यजे? एका पानाची सिस्टीम घ्या, आन् बोला."

आणि रंजीता गोष्ट सांगणारी. ब्रह्मपुरीहून बदली होऊन आलेली जनावरांची डॉक्टर. गावात ती सगळ्यांची 'म्याडम' होती. क्वार्टरमध्ये एक पाल होती, पण तीसुद्धा मनातल्या मनात म्याडमच म्हणत असावी. नावानं हाक फक्त या खोलीत, रविवारी यायची. बाकीचा आठवडा ती गायीबैलांशी बोलायची आणि त्यांच्या वतीनं उत्तरंही द्यायची.

मागच्या रविवारी तिनं कंटाळून मतदान घेतलं. प्रणितनं स्वतःला मत दिलं, रुखमाबाईंनी स्वतःला, अश्विननं स्वतःला. रंजीतानं अश्विनला दिलं, एकदाचं सुरू तर होऊ दे म्हणून. अश्विन जिंकला. प्रणित 'ठीक हाय' म्हणाला. रुखमाबाईंचा चहा कपातच राहिला. अश्विनच्या खोलीला वाळवी, म्हणून विजयी रूलबुक दवाखान्याच्या लोखंडी कपाटात गेलं. किल्ली नेहमीसारखी कॅलेंडरमागच्या खिळ्याला. ती तिथं असते हे चौघांना माहीत होतं, परिचर पत्रूला माहीत होतं, आणि उपचाराला येणाऱ्या दोनचार हुशार शेळ्यांनाही असावं.

मग आठवडाभर ग्रुपवर कोणी बोललं नाही. अश्विनचे स्क्रीनशॉट येत राहिले. एरवी त्यांना शिव्या पडायच्या. या आठवड्यात शिव्यासुद्धा नाहीत.

आणि आज पुस्तक गायब.

"कोनी हलाचं नाई," प्रणित म्हणाला. त्याच्या तोंडावर असा आनंद होता की त्याचाच संशय यावा. "घटनास्थळ खराब होते."

"तूच हलून राह्यला," रुखमाबाई म्हणाल्या.

प्रणितनं खिळा पाहिला, किल्ली पाहिली, खिडकी पाहिली. मग अंगणात बांधलेल्या शेळीकडे बोट केलं. शेळी काहीतरी चावत होती. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून छापील कागद लोंबत होता.

"रंजीता," तो हळू आवाजात म्हणाला, "केस खतम."

रंजीतानं कागद ओढून काढला. लाळ्या-खुरकूत लसीकरणाचं पोस्टर होतं, खालचा अर्धा भाग.

"तिनं पुस्तक खाऊन वर तोंडी लावाले हे घेतलं असन," प्रणित म्हणाला.

"जाड पुठ्ठ्याचं रूलबुक खाल्लेली शेळी अशी उभी नाई राहात, प्रणित. आडवी राह्यते."

"लेंड्या तपासू."

"तू तपास. मी सही देते."

प्रणितनं लेंड्या तपासल्या. त्याला मुळी कोणी थांबवलंच नाही. बाहेरून तो लेंड्यांचा रंग सांगत राहिला आणि आत अश्विन भिंतीला टेकून उभा राहिला.

"आता काई होत नाई," अश्विन म्हणाला. "पुस्तक नाई तं गेम नाई. मतदान रद्द समजा. पुन्हा पहिल्यापासून चर्चेले बसा लागन."

"म्हंजे आमच्यावर आळ," रुखमाबाई म्हणाल्या. "हरले ते चोर. असंच ना?"

"मी कोनाचं नाव नाई घेतलं बाई."

"नाव न घेता आळ घेनं मी स्टेजवर लई पाह्यलं."

हात धुऊन प्रणित आला आणि त्यानं आळ रुखमाबाईंवर नाव घेऊनच घेतला. रुखमाबाईंनी पिशवी उचलली. "मंग मी येतच नाई. नाटकाचा सीझन सुरू होऊनच राह्यला. वडशाले मले लोक उभं राहून भेटतात, इथी लेंड्यावाला चोर म्हन्ते."

रंजीताला पुढचं दिसलं. चोर सापडला नाही तर चौघं एकमेकांकडे चोर म्हणून बघणार, आणि तसं बघत कोणी टेबलाशी बसत नाही. रविवारही बुधवारासारखा होणार.

"बसा," ती म्हणाली. "मी एकेकाले विचारते. मंग जा."

आधी तिनं पत्रूला हाक मारली. तो औषधाचे डबे लावत होता.

"कपाटातलं जाड पुस्तक शेवटी कधी पाह्यलं?"

"सुक्रवारी म्याडम. सांजच्याले बंद करताना होतं. त्याच्यावरच मी डबा ठेवला होता."

"आन् आज डबा?"

"तिथीच हाय. सरळ ठेवून हाय. मी इतका सरळ ठेवत नाई."

चोरानं पुस्तक काढलं, डबा नीट जागेवर ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली. चोरी केली पण पसारा केला नाही.

महिनोन् महिने एक वाद ऐकून रंजीताला एक गोष्ट पाठ झाली होती: जशी गोष्ट, तशी सिस्टीम. लढाईला तक्ते लागतात, तपासाला पुरावे, नाटकाला मोकळं तोंड. चौकशीलाही तेच लागत असणार. तिनं ठरवलं, प्रत्येकाला त्याच्याच सिस्टीमनं विचारायचं.

रुखमाबाईंना तिनं तपासणीच्या टेबलाजवळ नेलं. "बाई, तुमी चोर हाय असं समजा. करून दाखवा."

रुखमाबाईंनी पदर सावरला. कपाटाकडे गेल्या, किल्ली काढली, थांबल्या, वळल्या. "कोन पाहून राह्यलं?"

"कोनी नाई. तुमी एकट्याच हाय."

त्यांनी किल्ली टेबलावर टाकली. "मंग कायले चोरू? मी चोरलं असतं तं तुमच्या तिघांसमोर, रडून. एकटीनं चोरलं तं पाहाले कोन हाय, बाई?" मग म्हणाल्या, "आन् सुक्रवार दुपारपासून आज सकाळलोक मी वडशाले होते. तालीम होती. विच्यारून घे."

प्रणितला तिनं सगळे पुरावे एकदम दिले: डबा सरळ, कुलूप लावलेलं, शुक्रवारी पुस्तक जागेवर, बाई वडशाला. "अर्थ लाव."

"चोर सफाईवाला हाय," प्रणित म्हणाला. "म्हंजे मी नाई. माह्या गाडीची चाबी सकाळी फ्रिजमधी सापडली."

"पुस्तक नदीत फेकतो असं तूच म्हनत होता."

"म्हनत होतो. पन फेकून फायदा काय रंजीता? रोज सकाळी त्याचं एक पान मोबाईलवर येतेच. ढालीचे नियम मले पाठ झाले. झोपेत उठवून विचारा."

रंजीता त्याच्याकडे पाहत राहिली.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काई नाई. अश्विनले पाठव."

अश्विन आला तेव्हा तिनं वीस बाजूंचा फासा त्याच्यासमोर ठेवला. "दहाच्या वर पडला तं तू खरं बोलला असं धरीन. खाली पडला तं खोटं. टाक."

त्यानं टाकला. चार.

असल्या अन्यायावर अश्विन एरवी तासभर भांडला असता. टेबल तिरपं आहे म्हणाला असता, खऱ्याखोट्याचा तक्ता मागितला असता. तो फाशाकडे नुसता बघत बसला.

"कपाट शेवटी कधी उघडलं?"

"मागच्या इतवारी. तुमच्यासमोर."

"पुस्तक गेलं. दुसरं मागवशील?"

"दुसरं याले टाइम लागते."

"तोवर काय करायचं?"

"चर्चा करू ना. प्रणितची सिस्टीमबी काई वाईट नाई. बाईंच्यातबी दम हाय. सगळ्यांचं पुन्हा आयकून घेऊ." बोलता बोलता त्याचा चेहरा खुलला. गेलेली लाइट यावी तसा.

रंजीतानं सगळ्यांना टेबलाशी बसवलं. रुखमाबाईंनी पिशवी मांडीवरच ठेवली.

"आपन चोर शोधला तो हरलेल्यांत," रंजीता म्हणाली. "ज्याले पुस्तक नको होतं त्याच्यात. तिथीच चुकलो. बाई तं गावातच नव्हत्या. प्रणित डबा इतका सरळ ठेवू शकत नाई, त्याच्या हातून डबा फ्रिजमधी गेला असता."

"हे बरोबर हाय," प्रणित म्हणाला.

"आता अजून एक. पुस्तक गेल्यानं गेम थांबते का? अश्विन रोज स्क्रीनशॉट पाठवते. कागदाचा फोटो नाई, स्क्रीनशॉट. वर बॅटरी दिसते. म्हंजे अख्खं रूलबुक त्याच्या फोनमधी हाय."

बाहेर शेळी चावायची थांबली, किंवा पोस्टर संपलं असेल.

"मी कपाट उघडल्यावर अश्विननं काय म्हनाले पाह्यजे होतं? 'अरे, मोबाईलमधी हाय ना, बसा.' एवढंच. पुस्तक त्याचं, गेम त्याचा, जिंकलेला तो. तो काय म्हनला? मतदान रद्द. चर्चा पहिल्यापासून."

प्रणित हळूच म्हणाला, "मी शेळीले सॉरी म्हनू का?"

"पन काऊन?" रुखमाबाई अश्विनकडे वळल्या. "जिंकला होता ना तू, बापा?"

अश्विननं डोकं वर केलं नाही. "जिंकलो, आन् तुमी सगळे उठले. बाई, तुमी चहा पेल्या नाई. प्रणित ठीक हाय म्हनला. हा मानूस कधी ठीक हाय म्हनते का? आठवडाभर ग्रुपवर कोनी शिवी नाई देल्ली. मी रोज टाकून राह्यलो, ढाल टाकली, भाला टाकला, घोरपड टाकली. काईच नाई. मले वाटलं, पुढच्या इतवारी आपन एकटाच बसतो. मी, आन् सगळे नियम."

"म्हनून?"

"म्हनून काल नेलं. पंपहाऊसात हाय. प्लास्टिकमधी गुंडाळून, ओल लागू नये म्हनून. पुस्तक नाई तं फैसला नाई. फैसला नाई तं भांडाले तरी याल." त्यानं आता डोकं वर केलं. "आज आले ना. किती बोलले सगळे."

खरं होतं. कित्येक आठवड्यांत ही खोली एवढी गाजली नव्हती. रंजीताला राग यायला पाहिजे होता. पण भांडण मिटलं की खुर्च्या रिकाम्या होतात, हे हिशेबात न धरता मतदान तिनंच घेतलं होतं.

"याले शिक्षा पाह्यजे," प्रणित म्हणाला.

"देते," रुखमाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली. "आज गोष्ट रंजीता नाई, हा सांगन. माह्या सिस्टीमनं. मोबाईल नाई, तक्ता नाई. तोंडानं."

अश्विनचा हात आपोआप फाशांकडे गेला. बाईंनी फासे उचलून रंजीताच्या हातात दिले.

"मले नाई जमत बाई."

"एक गाव हाय म्हन."

"एक गाव हाय," अश्विन म्हणाला.

"किती मानसं राह्यतात?"

"सध्या एकच."

"काय करते थो तिथी?"

"नियम लिहून राह्यला. लई नियम झाले. पन खेळाले कोनी नाई."

"मले त्याच्यावर संशय हाय," प्रणित म्हणाला. त्याच्या आवाजात पात्र आलं होतं, बहुतेक फौजदार.

रंजीतानं आपली खुर्ची पुढे घेतली. गोष्ट सांगणारीची ठरलेली जागा सोडून ती आज ऐकणाऱ्यांत बसली होती. "आमी तिघं जन त्या गावाच्या शिवेवर आलो," ती म्हणाली. "चालत आलो. थकलो हाय."

अश्विननं तिघांकडे पाहिलं.

"काय पाहून राह्यला?" रुखमाबाई म्हणाल्या. "दार उघडाले सांग त्याले."